खरमोराचा ठसा

नाना निकमांच्या सदऱ्याच्या खिशात कणकेचा गोळा असायचा. रोज. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, लिंबाएवढा. घरी काकू पोळ्या करायला बसल्या की पहिला गोळा नानांचा, मग बाकीच्यांचा. आमच्या दुकानात येऊन बसले की नाना तो काढायचे, अंगठ्याने मळायचे आणि हातातल्या ठशावर दाबून अलगद उचलायचे. ठसा म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं असतं. प्रेसमध्ये तो चांदीच्या चकतीवर दाबला की नाण्यावर चित्र सुलटं आणि उठावात येतं. सराफ्यात सगळे त्याला डाई म्हणतात. नाना ठसाच म्हणायचे. कणकेवर उमटलेलं चित्र डोळ्याशी नेऊन बघायचे, "हं" म्हणायचे आणि पुन्हा पोलाद कोरायची कलम उचलायचे. संध्याकाळपर्यंत दहा-बारा छाप व्हायचे. घरी जाताना ती सगळी कणीक दुकानामागच्या भिंतीवर ठेवून जायचे.

"चिमण्यांनी लक्ष्मी खाल्ली तर पाप कुणाला, नाना?" मी एकदा विचारलं.

"चिमण्यांना चष्मा नाही," नाना म्हणाले. "त्यांना कणीकच दिसते."

नानांविषयी मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही. बाजारात कुणी विषय काढला की "क्या हाथ था उनका" एवढं म्हणून मी चहा सांगतो. लोकांना वाटतं, मला भरून येतं. तसं नाही. नानांनी कोरलेला शेवटचा ठसा मी घालवला, आणि तो त्यांच्याच चुकीने गेला असं त्यांना वाटू दिलं. ते तसंच समजून गेले. हे एवढं लिहायला मला तिसरं वर्ष उजाडलं.

आमचं दुकान सराफ्याच्या मागच्या गल्लीत. चांदीचे सिक्के पाडून देणं हा वडिलांपासूनचा धंदा. सिक्के म्हणजे लक्ष्मी, गणपती, फार तर सरस्वती. नानांचे आजोबा होळकर दरबारच्या टांकसाळीत ठसे कोरत. दरबार गेला, टांकसाळ गेली, कलमांची पेटी तेवढी छत्रीबागेतल्या घरात राहिली. नाना माझ्या वडिलांपासून आमचे ठसे करायचे. लक्ष्मी तर गप्पा मारता मारता कोरायचे, मटार सोलावेत तशी. पण पगारावर कधी राहिले नाहीत. "मी पाहुणा आहे इथला," म्हणायचे, आणि पाहुण्यासारखे रोज सकाळी बरोबर दहाला यायचे.

बोलण्यात एक खोड होती. जन्मभर उलटं कोरल्यामुळे असेल, कुणी काही ठासून सांगितलं की नाना म्हणायचे, "उलटं करून बघ." गिऱ्हाईक म्हणालं, दुकानदार लुटतात, तर "उलटं करून बघा साहेब." मी म्हणालो, बायको ऐकत नाही, तर "उलटं करून बघ, विनू." चिडायला व्हायचं. पण बघावं लागायचं.

अन्नपूर्णा रोडचे एक दाताचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. त्यांना देशोदेशीची चांदीची नाणी जमवायचा नाद. एकदा त्यांनी ऑस्ट्रेलियाचं एक नाणं पारखायला आणलं. त्यावर कांगारू, उडी घेताना मधेच धरलेला. नानांनी ते तळहातावर घेतलं आणि किती तरी वेळ परत दिलंच नाही.

"हे दरसाल निघतं?"

"हो ना. दरवर्षी नवं चित्र. त्यांच्याच देशातली जनावरं. चीनचा पांडा असतो, आफ्रिकेतला हत्ती असतो. लोक वाट बघत असतात."

"आणि गेल्या वर्षीचं?"

"संपलं ते. पुन्हा पाडत नाहीत."

डॉक्टर गेल्यावर नानांनी आपला रिकामा तळहात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "विनू, यांचं जनावर यांच्या चांदीवर बसलंय. आपल्या माळव्यात काय जनावरं नाहीत? मी चाळीस वर्षं एकाच बाईला कमळावर बसवून राहिलोय."

त्या दिवाळीला नानांचा कोल्हा निघाला. दोन तोळ्यांचा सिक्का. मागे वळून बघणारा कोल्हा, पायाशी गवत. त्या गवतातलं एक पातं मधेच मोडलेलं. मला वाटलं, कलम घसरली. नाना म्हणाले, "ती माझी सही." पुढच्या प्रत्येक जनावराच्या पायाशी ते मोडकं पातं आहे. ज्याला ठाऊक आहे त्यालाच सापडतं.

दुसऱ्या वर्षी सायाळ. नाना प्राणिसंग्रहालयात सायाळ बघायला गेले. ते निशाचर जनावर, दिवसभर झोपलेलं. नाना आठवडाभर रोज जाऊन जाळीसमोर उभे. ते काही उठलं नाही. शेवटी नानांनी झोपलेलीच सायाळ कोरली, काटे सैल पडलेली. "त्याची मर्जी," म्हणाले. डॉक्टरांचं तेच सगळ्यात लाडकं नाणं.

तिसऱ्या वर्षी नीलगाय. सांवेरकडचा एक पटेल मुलीच्या लग्नासाठी चांदी घ्यायला आला होता. काचेखाली नीलगाय बघून तो उडालाच. "ये घोड़ारोज? अरे मास्साब, इसने मेरी आधी सोयाबीन चर ली, अब इसको तिजोरी में बिठाऊँ?"

नाना मान वर न करता म्हणाले, "तिजोरी में रहेगा तो खेत में नहीं आएगा, पटेल."

पटेल असा हसला की शेजारचे दुकानदार डोकावले. एक सिक्का घेऊन गेला तो.

पण असे पटेल कमीच. लक्ष्मीचे सिक्के शेकड्याने जायचे, जनावरं काचेखाली बसून राहायची. शेजारी टोमणे मारायला लागले. "क्यों भिया, चिड़ियाघर का टिकट कितने का?" मी हसून सोडून द्यायचो. मनात मात्र ते जाऊन बसायचं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

तुळशीचं लग्न झालं की नाना त्या वर्षीचा ठसा घेऊन सहाणेपाशी बसायचे आणि त्याचं तोंड स्वतःच्या हाताने घासून साफ करायचे. आमच्या धंद्यात ठसा घासणं ही नवी गोष्ट नाही. पोलाद महाग, तेच पुन्हा कोरतात. पण झिजलेला ठसा घासणं वेगळं आणि हे वेगळं. डॉक्टर एकदा काकुळतीला आले, भावासाठी दोन कोल्हे हवे होते. नानांनी त्यांच्यादेखत कोल्हा घासला. "डॉक्टर, जो येऊन गेला तो गेला. पुन्हा बोलावला तर तो कोल्हा नाही, कुत्रा." कोल्ह्याचा डोळा सगळ्यात खोल कोरलेला, तो शेवटी गेला. नाना सगळं जनावर डोळ्यापासून सुरू करायचे. "आधी डोळा. तो बघायला लागला की बाकीचं अंग तोच मागून घेतो."

स्वतःचे डोळे मात्र तोवर जात चालले होते. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झालेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर गेली, आहे ती सांभाळा. दोन्ही कडा अंधारलेल्या, मधे एक भोक. "नळीतून बघतोय," म्हणायचे. काकू हाताला धरून दुकानात सोडायला लागल्या.

तेव्हा नानांनी खरमोर कोरायला घेतला, माळावरचा तणमोर पक्षी.

लहानपणी सांवेरकडे मामाच्या गावी पावसाळ्यात त्यांनी तो एकदाच पाहिला होता. काळाभोर नर, पंखावर पांढरा पट्टा, कानामागून निघून वर वळलेल्या बारीक पिसांच्या दोऱ्या. उंच गवतात लपून असतो आणि मादीला दिसावं म्हणून एकाएकी सरळ वर उडी घेतो, क्षणभर गवताच्या वर दिसतो, पुन्हा खाली. दिवसभर. "मामा म्हणाला बघ, आणि मी बघेपर्यंत खाली. मग आम्ही तिथंच बसलो. तो पुन्हा आला, पुन्हा आला. मी मोजायचं विसरलो." त्या माळावर आता सोयाबीन आहे. "आता तो तिथं यायचा नाही. मी आणतो त्याला. हा शेवटचा, विनू. यानंतर पेटी बंद."

दोन वर्षं लागली. भिंग लावून, मग भिंगही पुरेना तेव्हा नखाने चाचपून. कणकेचा छाप आता बघायचे नाहीत, ओठांना लावायचे. ओठांना बारीक कळतं म्हणे. काम झालं त्या दिवशी त्यांनी छाप माझ्या हातात दिला. गवत खाली, पक्षी वर, मधे मोकळी जागा. नुसती गुळगुळीत जागा, पण तिच्यामुळे तो खरंच अधांतरी होता. डोळा एवढासा, राईहून लहान. बघत होता.

मी म्हणालो, "वा नाना." खरोखर म्हणालो.

राहिलं होतं पाणी द्यायचं. कोरलेलं पोलाद मऊ असतं. ते तापवून एका नेमक्या रंगाला तेलात बुडवलं की टणक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. रंग कमी पडला तर ठसा मऊ राहतो, पुढे गेला तर ठिसूळ होतो आणि प्रेसच्या घावाला तडकतो. रंग उन्हात कळत नाही म्हणून नाना हे काम घरी, अंगणात, तिन्हीसांजेला करायचे. मी ठसा न्यायला गेलो होतो. शेगडी पेटलेली, आणि नानांना रंग दिसत नव्हता. काकू बाजूला पदर खोचून बसल्या होत्या.

"रंग काय झाला, सुमे?"

"जास्वंद."

"थांब. आता?"

"जास्वंदच आहे हो. कडेला जरा फिकट."

"मधे बघ, मधे. डाळिंबाचा दाणा झाला की सांग. संत्र्यावर जाऊ देऊ नकोस, सुमे."

"थांबा... थांबा... डाळिंब! डाळिंब झालं!"

तेलातून धूर आला. दोघं खोकत, हसत बसले. काकूंच्या कपाळावर घाम होता. "चाळीस वर्षं पोळ्या भाजतेय, रंग मला सांगता होय," असं म्हणून त्यांनी चहा टाकला. मी ठसा फडक्यात गुंडाळून घेतला. त्याचं पाणी अचूक होतं. हे मला नंतर कळलं, कसं ते सांगतो.

ठरलं असं की धनत्रयोदशीला दुकानात पहिला सिक्का नानांसमोर पाडायचा, आणि रिवाजाप्रमाणे तो सिक्का ठसा करणाऱ्याला द्यायचा. त्या वर्षी चांदी अशी चढत होती की जो तो उद्या आणखी महाग म्हणून आजच घ्यायला येत होता. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी आमचा लक्ष्मीचा ठसा गेला. खरोखर तडकला, झिजलाच होता. दुसरा तयार नाही. आमचा प्रेसवरचा कैलाश मिस्त्री म्हणाला, मशीनवर लक्ष्मी एका दिवसात कोरून मिळेल, पण पोलाद आपलं द्यावं लागेल, या मापाचं बाजारात आज कुठेच नाही. आणि मग त्याने फळीवरच्या खरमोराच्या ठशाकडे बघितलं.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की नड होती. नड होतीच. पण मी मन उलटं करून बघितलं आहे, नानांनी सांगितलं तसं. नड नसती तरी मला तो ठसा डोळ्यासमोर नको होता. आणखी एक जनावर, आणखी एक वर्ष टोमणे. नाना दरसाल स्वतःच घासतात की, असंही मी म्हणालो. एकही नाणं न पाडलेला ठसा नानांनी कधी घासला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पुन्हा कोरतील, असं म्हणालो. कोरणार नाहीत, हेही ठाऊक होतं.

"तो घे," मी म्हणालो.

कैलाश ठसा घासायला बसला आणि तासाभराने घाम पुसत आला. "भिया, क्या पानी चढ़ाया है बुड्ढे ने. कानस फिसल री है." मग ठसा तापवून आधी मऊ करावा लागला.

धनत्रयोदशीला सकाळी दहाला नाना आले. परीटघडीचा सदरा, काकू नवी साडी नेसून बरोबर, हातात पेढ्यांचा डबा. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मी त्यांना आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणालो, "नाना, ठसा तडकला."

"केव्हा?"

"काल. आधी नुसता बघावा म्हणून लावला."

"कितव्या घावाला?"

"पहिल्याच."

"आवाज कसा आला?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "बारीकसा," मी म्हणालो. "टिक् असा."

नाना मान हलवत राहिले. "म्हणजे आतून. रंग पुढे गेला असणार. तुकडे दे बघू."

"भंगारात गेले, नाना. गर्दीत..."

"इतक्यात?"

काकू पेढ्यांचा डबा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "मीच म्हटलं डाळिंब झालं म्हणून," त्या म्हणाल्या. "मीच ओरडले."

"तुझं नाही गं. रंग मी बघायचा असतो."

"तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तर मी बसले होते ना!"

गर्दीत दोन म्हातारी माणसं हलक्या आवाजात भांडत होती, चूक स्वतःकडे ओढायला. मला फक्त तोंड उघडायचं होतं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "विनूजी, दस और निकालो," आणि मी गेलो.

परत आलो तेव्हा नानांच्या हातात नव्या लक्ष्मीचा सिक्का होता. ते त्यावर अंगठा फिरवत होते. "ही कुणी कोरली?"

"मशीनची आहे, नाना."

"साफ आहे." मग ओठांना लावून बघितला. "डोळा नाही तिला."

काकू म्हणाल्या, आलोच आहोत तर पूजेला एक घेऊन जाऊ. मी पैसे घेतले नाहीत. त्यांच्याच पोलादावर पाडलेला तो सिक्का मी त्यांना भेट दिला, आणि त्यांनी मला पेढे दिले.

होळीच्या आधी नाना गेले. मी खांदा दिला, तेराव्याला जेवलो. मग महिन्या-दोन महिन्यांनी काकूंकडे जाऊन यायचो, औषधं पोचवायचो. लोक म्हणायचे, मुलासारखं करतो.

गेल्या महिन्यात गेलो तर काकूंच्या पुढ्यात साडी पसरलेली. भाचीच्या मुलीच्या लग्नाची. "बघ रे विनू, ही डाळिंबीच आहे ना? दुकानदार म्हणाला डाळिंबी. मला मेलीला आता रंगाचं काही खरं वाटत नाही." काकू भाजीवालीलाही विचारतात, टमाटर पिकलेत ना गं म्हणून, हे मी ऐकून होतो. डोळे तपासून झाले होते. डोळ्यांत काही दोष नाही.

मी साडीकडे बघितलं. डाळिंबीच होती. आणि मग मी सगळं सांगितलं. इथे लिहिलंय त्याच क्रमाने. कानस घसरत होती तेही.

काकू ऐकता ऐकता साडीची घडी घालत राहिल्या, एक घडी चुकली, पुन्हा घातली.

"म्हणजे रंग बरोबर होता," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"बरोबर होता, काकू."

"मला काय, मी आहे अजून. मला आज कळलं. त्यांना सांगायचं होतंस रे."

त्या उठल्या. देव्हाऱ्यातून तो लक्ष्मीचा सिक्का काढला, पदराने त्यावरचं कुंकू पुसलं आणि माझ्यापुढे ठेवला. "हे घेऊन जा." मग कुंकवाच्या जुन्या करंड्याचं झाकण उघडून दाखवलं. आत कणकेचा छाप, वाळून दगड झालेला, कडेने तडे गेलेला. गवत खाली, पक्षी वर. मोडकं पातं जाग्यावर. "हा नाही देणार," म्हणाल्या आणि झाकण लावलं.

नाना दुकानात शेवटचे आले ते त्या धनत्रयोदशीलाच. निघताना काकूंनी त्यांचा कोपर धरला होता. गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर नाना थांबले. काकूंना काहीतरी म्हणाले, वळले आणि निरोपाचा हात वर केला. माझ्याकडे नाही, शेजारच्या भांड्यांच्या दुकानाकडे. तिथे पितळेचे हंडे रचून ठेवले होते. त्या हंड्यांकडे बघून नाना हसले, मान हलवली, हात तसाच वर धरून थोडा वेळ उभे राहिले. कुणी उलट हाक देतंय का बघत असावेत. मी दारातच होतो. दहा पावलांवर. "नाना, इकडे" एवढंच म्हणायचं होतं.